खोत, खोती आणि कूळ: जुन्या कागदातला शब्द कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दापोलीकडच्या एका घरात पणजोबांच्या नावापुढे ‘खोत’ लिहिलेले जुने कागद निघाले आहेत. गावात कुणी म्हणतं, तुम्ही खोत, म्हणजे गाव तुमचाच होता. कुणी त्याच शब्दाने टोचून बोलतं. खोत म्हणजे मालक, जमीनदार की सरकारी वसुलीचा माणूस? आणि आज हा शब्द कुणाला लावावा?

थेट उत्तर आधी देतो. खोत म्हणजे गावाचा सारा, म्हणजे जमीन महसूल, सरकारात भरण्याची जबाबदारी घेतलेला वंशपरंपरेचा वसूलदार. त्या जबाबदारीच्या बदल्यात त्याला गावातल्या जमिनीवर काही हक्क मिळाले आणि त्या हक्कांच्या जोरावर माणसांवर सत्ता मिळाली. पण गावातली सगळी जमीन त्याच्या मालकीची होती, असं या शब्दातून निघत नाही. काही जमीन खरोखर त्याची होती, काहीवर त्याचा फक्त पिकातला वाटा होता आणि काहीवर वाटाही नव्हता. समोरचा कागद यातल्या कोणत्या जमिनीचा आहे, ते आधी ठरवावं लागतं. ते न ठरवता ‘खोत म्हणजे मालक’ असं धरून वारसनोंदी, विक्री आणि कोर्टकचेऱ्यांच्या मागे लागलेली घरं रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात आजही पैसा आणि वर्षं घालवत आहेत.

आता हा विशेषाधिकार चालायचा कसा, ते पाहू. देशावर रयतवारीत शेतकरी आपला सारा थेट सरकारला भरत असे. खोती गावात मधे खोत होता. वहिवाट, म्हणजे खोतीचा कारभार, पाहणारा खोत दरवर्षी सरकारला कबुलायत, म्हणजे सारा भरण्याचा लेखी करार, लिहून द्यायचा आणि गावचा ठरलेला सारा भरायचा. पीक बुडालं, वसूल कमी आला, तरी सरकारचा आकडा त्याला चुकत नसे. ही त्याची जोखीम. कुळांकडून, म्हणजे जमीन कसणाऱ्यांकडून, आलेल्या धान्यातून सारा वजा जाऊन जे उरेल ते त्याचं. कागदांत याला ‘खोती फायदा’ म्हणतात, आणि खोतीचं सगळं अर्थकारण या दोन शब्दांत आहे.

समजा, एका खाचराचा सारा ३ रुपये आहे आणि त्यात २ खंडी भात पिकलं. भातशेतीला सर्वसाधारण रीत अर्धेलीची, म्हणजे निम्मं पीक खोताचं. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीतल्या नाचणी, वरी, हरीक यांसारख्या पिकांना तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा. या हिशोबाने खोताकडे १ खंडी भात गेलं आणि त्याने सरकारला भरले ३ रुपये. भाताचा भाव चढला की फायदा खोताचा. सारा तिथेच राहतो. उलट कुळाचा बियाणं, राब, लावणी, बेणणी यांचा खर्च त्याच्या निम्म्या वाट्यातूनच जायचा. खंडी म्हणजे २० मण आणि मापी मण साधारण १२ पायल्यांचा, पण पायलीचं माप गावागावाला वेगळं होतं. म्हणून दोन गावांच्या खंडांची, म्हणजे कुळाने द्यायच्या धान्याची, तुलना कागदावरच्या आकड्यांवरून करू नका.

याच्यावर अभावणी होती. उभ्या पिकाचा अंदाज घेऊन धान्याचा आकडा आधीच ठरवून टाकायचा, तिला अभावणी म्हणत. अंदाज करणारा माणूस खोताचा असे. त्यानंतर परतीच्या पावसाने भात आडवं पडलं, झोडणीत पळींजच (पोचट दाणे) जास्त निघालं, तरी ठरलेला आकडा मोडायचा की नाही हे पुन्हा खोताच्याच मर्जीवर. शिवाय वेठ होती: खोताच्या शेतावर, घरच्या शाकारणीला, डोलीला, बिनमजुरीचं काम. जमिनीचा कागद नसलेलं कूळ ‘नाही’ म्हणू शकत नसे, कारण पुढच्या वर्षी खाचर कसायला मिळेल की नाही हे तोच ठरवणार. माझ्या मते खोतीचा खरा अर्थ इथे आहे. धान्याचा वाटा मोजता येतो. दरवर्षी नव्याने मर्जी राखावी लागणं मोजता येत नाही, आणि गावाच्या आठवणीत राहिलं ते हेच.

तरी सगळी कुळं एका पायरीवर नव्हती, आणि वाचणाऱ्याची गफलत बहुतेक वेळा इथेच होते. रत्नागिरी जिल्ह्यासाठी १८८० साली खोती सेटलमेंट कायदा झाला. त्यात या पायऱ्या कायद्याने मांडल्या गेल्या. सर्वांत वर धारेकरी. तो फक्त सरकारी धारा, म्हणजे सारा, भरायचा. भरायचा खोताच्या हातून, पण त्यात खोताचा फायदा नसे. त्याचा हक्क वारसाने जाई आणि विकताही येई. त्याच्या खाली अर्धधारेकरी, ज्यांना कागदांत दुपटकरी, दसपटकरी अशीही नावं सापडतात. ते साऱ्यापेक्षा जास्त, पण ठरलेलं देणं देत. त्याखाली कायम कूळ. त्याचा हक्क वारसाने चाले, मात्र खोताच्या संमतीशिवाय विकता येत नसे. जमीन सोडली किंवा मागे वारस उरला नाही तर ती खोताकडे परत जाई. सर्वांत खाली साधं कूळ, ज्याची मुदत प्रत्यक्षात खोताच्या शब्दापुरती.

याच हिशोबाने गावंही तीन प्रकारची. पूर्ण खोती गाव, धारेकऱ्यांचं कुळारगी गाव, आणि दोन्ही मिसळलेलं ‘खिचडी’ गाव. हा शब्द महसुली दप्तरातलाच आहे. तुमचं गाव खिचडी असेल तर पणजोबा खोत असूनही गावातली बरीच जमीन धारेकऱ्यांची असणार. ‘गाव तुमचाच होता’ हे वाक्य तिथे पहिल्या पायरीवरच खोटं ठरतं.

जमिनीच्या बाजूने पाहिलं तर दोन शब्द पक्के लक्षात ठेवा. ‘खोती खासगी’ म्हणजे खोताच्या स्वतःच्या ताब्यातली, त्याच्या नावावरची जमीन. ‘खोती निसबत’ म्हणजे कुळांच्या वहिवाटीतली जमीन, जिच्यावर खोताचा वाटा आणि पडती जमीन परत मिळण्याचा हक्क आहे. जुना उतारा हातात आला की खोताचं नाव शोधण्याआधी यातला कोणता शब्द लिहिला आहे ते पाहा. ‘खासगी’ ऐवजी ‘खाजगी’ असंही लिहिलेलं असतं, अर्थ एकच. ‘निसबत’ हा शब्द मोडीत घाईने लिहिलेला असला तर चटकन लागत नाही. मोडी वाचणाऱ्याला हाच शब्द मुद्दाम तपासायला सांगा.

खोत हा एकटा माणूस क्वचितच असे. खोती हे वतन असल्याने भावाभावांत वाटलं जाई. वाट्याला तक्षीम म्हणत आणि वाटेकऱ्याला तक्षीमदार. वहिवाट आळीपाळीने एकेकाकडे जाई, आणि कबुलायतीवर सही असते ती त्या वर्षीच्या वहिवाटदाराची. म्हणजे कबुलायतीवर पणजोबांचं नाव असलं तरी सगळी खोती त्यांची होती असं होत नाही. कदाचित ती त्यांची पाळी होती. हिस्से आणे-पैमध्ये लिहिलेले असतात. पूर्ण खोती १६ आणे, १ आणा म्हणजे १२ पै, म्हणजे एकूण १९२ पै. ५ आणे ४ पै दिसलं की ६४ पै, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा. २ आणे ८ पै म्हणजे सहावा. हे गणित दशांशात करायला गेलं की प्रत्येक पिढीला थोडं थोडं उरतं आणि शेवटी हिश्शांची बेरीज एक येत नाही. अपूर्णांकातच ठेवा.

जातीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. खोत ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमान होते, इतरही काही होते. कुळांमध्ये कुणबी, महार, आगरी, भंडारी मोठ्या संख्येने, पण गरीब ब्राह्मण आणि मराठा कुळंही होती. म्हणून ‘खोत’ हे कोणत्याही एका जातीचं दुसरं नाव म्हणून वापरणं चुकीचं आहे. पण यावरून ‘खोतीचा जातीशी संबंध नव्हता’ असं म्हणणं तितकंच चुकीचं. याच किनाऱ्यावरचा दुसरा शब्द पाहा, पांढरपेशा. आज त्याचा अर्थ कचेरीत बसून काम करणारा. जुन्या महसुली व्यवहारात कोकणच्या काही भागांत पांढरपेशे हा सवलतीचा वर्ग होता: उच्च मानल्या गेलेल्या जातींच्या शेतकऱ्यांना कुणब्यांपेक्षा कमी दराने सारा. कारण असं दिलं जाई की ते स्वतः नांगर धरत नाहीत, मजूर लावावे लागतात. त्याच जमिनीला, त्याच पावसाला दोन दर. विशेषाधिकार कागदावर उतरतो तो असा.

खोतीविरुद्धचा लढा कोकणातच उभा राहिला. अलिबागजवळच्या चरीला १९३३ च्या ऑक्टोबरात नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी जमीन न कसण्याचा संप सुरू केला आणि तो १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षं कसणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने खाचरं ओसाड ठेवणं म्हणजे काय, हे भातशेतीवर जगणाऱ्याला वेगळं सांगायला नको. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्यांचं मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातलं, म्हणजे ऐन खोती मुलखातलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. ते विधेयक पार झालं नाही. १९३९ च्या कूळ कायद्याने संरक्षित कूळ ही संकल्पना आणली, १९४८ चा कूळ कायदा त्याहून व्यापक, आणि खोती नष्ट करणारा मुंबई कायदा १५ मे १९५० पासून रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत लागू झाला.

तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचा बराच भाग. सिंधुदुर्ग १९८१ साली वेगळा झाला, आणि त्याच वर्षी कुलाब्याचं नाव रायगड झालं. त्यामुळे देवगड, मालवणचे जुने कागद ‘जिल्हा रत्नागिरी’ म्हणून शोधा. जंजिरा आणि सावंतवाडी ही संस्थानं १९४८ साली विलीन झाली. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा आणि सावंतवाडी परिसरातली दप्तरं आणि शब्द वेगळे असतात. आंबोली, गेळे, चौकुळ इथल्या ‘कबुलायतदार गावकर’ जमिनींना खोतीचे नियम लावून वाचू नका. ती पद्धत वेगळी.

आता तुमच्या कागदांकडे. पहिलं काम कागदाचं साल ठरवणं. मोडी कागदावर शके असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा. फसली सन असेल तर ५९०, सुहूर सन असेल तर ५९९. महिन्यानुसार एखाद्या वर्षाचा फरक पडतो. जुनं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपायचं, म्हणून ‘सन १९३७-३८’ हे एकच वर्ष आहे. साल कळलं की कागद १९५० च्या आधीचा की नंतरचा हे कळतं, आणि अर्थ त्यावर फिरतो. आधीच्या कागदात ‘खोत’ हा चालू हक्क आहे. नंतरच्या कागदात तो मागे राहिलेला शब्द आहे. एखाद्या उताऱ्यावर आजही कब्जेदाराच्या नावाबरोबर ‘खोत’ उमटलेला दिसतो. वेळेवर फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, झाला नाही म्हणून तो राहिला, त्याने खोती जिवंत होत नाही.

मग साखळी लावा. आजच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या बाजूला जे फेरफार क्रमांक दिलेले असतात, तिथून मागे जा. प्रत्येक फेरफाराची नक्कल गाव नमुना ६ मधून घ्या. त्यामागे हस्तलिखित सातबारे, त्यामागे कडईपत्रक (जुना जमीन-अभिलेख), आणि रत्नागिरीकडे खोती सेटलमेंटच्या वेळचं बोटखत, ज्यात कोणत्या जमिनीवर कुणाचा कोणत्या दर्जाचा हक्क आहे हे लिहिलेलं असतं. खोती-कुळाच्या वादात बोटखताइतका वजनदार कागद दुसरा नाही, आणि लोक तो मागायलाच विसरतात. हे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागायचं. शेतवार पत्रक, आकारबंद, गुणाकार बुक, फाळणी नकाशे हे मोजणी-आकारणीचे कागद भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे. काही स्कॅन केलेले जुने अभिलेख ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर मिळतात, पण वादासाठी शिक्क्याची नक्कलच घ्या. अर्जात ‘आमच्या सर्व जमिनींचे जुने कागद’ असं लिहिलं तर रिकाम्या हाताने परत याल. गाव, जुना सर्व्हे नंबर, हिस्सा, आजचा गट किंवा सर्व्हे नंबर आणि साल, एवढं प्रत्येक कागदासाठी लिहा.

उतारा वाचताना खोताचं नाव कोणत्या रकान्यात आहे ते पाहा. कब्जेदार सदरी आहे की इतर हक्कात? कुळाचं नाव लिहून कंस केला आहे का? कंस म्हणजे ती नोंद कमी झाली. कोणत्या फेरफाराने, तो क्रमांक शेजारी असतो आणि तो फेरफार वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुन्या पीकपाहणीत ‘रीत’ म्हणून आकडा असतो: १ म्हणजे स्वतः, २ म्हणजे मजुरांकडून, ३ म्हणजे कुळाकडून. सलग वर्षं ३ दिसत असेल तर ‘आमच्या जमिनीला कूळ नव्हतं’ हे म्हणणं टिकवणं कठीण जाईल.

१ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणाऱ्या कुळाला कायद्याने खरेदीदार मानलं गेलं. कूळ कायद्याच्या कलम ३२-ग खाली किंमत ठरते: कायम कुळासाठी खंडाच्या ६ पट, इतरांसाठी आकाराच्या, म्हणजे जमिनीवर ठरलेल्या साऱ्याच्या, २० ते २०० पटीच्या मर्यादेत, शिवाय विहिरी, बांधकाम, झाडं यांचं मूल्य. ती भरली की ३२-म चं प्रमाणपत्र. कोकणात असंख्य ठिकाणी घोळ इथे आहे: किंमत ठरली, हप्ते भरले, पण प्रमाणपत्र घेतलं नाही किंवा घेऊन फेरफार केला नाही. मग दोन पिढ्यांनी मुंबईतल्या खोत घराण्याचे वारस आपली नावं चढवतात आणि कसणारा घाबरतो. कसणाऱ्याने घाबरू नये, भरणा पावत्या आणि ३२-ग चा निकाल शोधावा. जुन्या खोत घराण्यातल्या वारसांनीही वारसनोंद झाली म्हणजे जमीन मोकळी झाली असं समजून साठेखत करू नये. कूळ आहे की नाही हाच वाद असेल तर तो ७०(ब) खाली तहसीलदारांकडे ठरतो. ३२-म च्या जमिनीला कलम ४३ ची हस्तांतरणाची अट असते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रमाणपत्राला १० वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट नजराणा भरून ती विकता येते. ही रक्कम लहान असते. लोक मध्यस्थांना देतात ती मोठी.

झाडांकडेही पाहा. आंबा, फणस, काजू यांच्या झाडांचा हक्क कधी कधी जमिनीपासून वेगळा, इतर हक्कात नोंदलेला असतो. आणि खोती खासगीतले डोंगर, रानं १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्यात गेली असतील तर ‘खोतांचं रान’ हा फक्त बोलण्यातला शब्द उरला आहे.

शब्द आज कुणाला लावावा, याबद्दल. आडनाव खोत असेल तर ते आडनाव, एवढंच. सांगली-कोल्हापूरकडेही खोत आडनावाची पुष्कळ घरं आहेत, आणि त्यांचा कोकणच्या खोतीशी संबंध गृहीत धरू नये. उलट ज्यांची खोती होती अशा कित्येक घराण्यांची आडनावं दुसरीच आहेत. जुन्या कोशांत खोत म्हणजे मक्तेदार, ठेकेदार असाही अर्थ दिलेला सापडतो. ‘खोती गाजवतो’ हा वाक्प्रचार ज्याच्याकडे मक्ता आहे आणि जो तो दुसऱ्याला जाणवून देतो त्याला लागतो. सुखवस्तू, घरंदाज, खानदानी हे शब्द नुसती सुस्थिती किंवा घराण्याचा लौकिक सांगतात. खोत या शब्दात दुसऱ्याच्या कष्टातला वाटा आहे. म्हणून चांगल्या नोकरीतल्या माणसाला कुणी खोत म्हटलं तर तो शब्द बसत नाही. पाणी, रस्ता, बंदर, वाळू यावर हात ठेवून गावाला आपल्या दारी यायला लावणाऱ्याला तो बसतो.

शिमग्याला पालखी आधी कुणाच्या अंगणात, देवळात पहिला नारळ कुणाचा, हा मान काही गावांत अजून जुन्या खोत घराण्याकडे आहे. तो गावकीचा प्रश्न आहे आणि गावकीने एकत्र बसून ठरवावा. पण मानाच्या यादीतलं नाव जमिनीच्या दाव्यात पुरावा म्हणून जोडू नका. त्याने कब्जा सिद्ध होत नाही आणि गावाशी बिघडतं मात्र.

अर्ज, प्रतिज्ञापत्र, वंशावळ यांत पणजोबांबद्दल लिहायचं झालं तर ‘गावचे मालक’ किंवा ‘जमीनदार’ असं लिहू नका. ‘१९५० पूर्वी अमुक गावच्या खोतीचे इतक्या आण्यांचे तक्षीमदार’ असं लिहा, आणि प्रत्येक जमिनीपुढे खासगी की निसबत ते लिहा. निसबत असेल तिथे त्या वेळच्या कुळाचं नावही लिहा. ते कागदात आहेच, आणि तुम्ही वगळलं तरी समोरचा माणूस ते घेऊन येणार आहे.